सहावा चेहरा

आमच्या यज्दमध्ये, इराणच्या या जुन्या शहरात, एखाद्याला एकदाच विचारणं म्हणजे न विचारणंच. चहा घेणार? नको. अहो, घ्या ना. नको नको, कशाला त्रास. घ्या हो, माझी शपथ. बरं, अर्धा पेला. तिसऱ्या आग्रहाला माणूस खरं बोलतो. तोवर जे काही चालतं त्याला आम्ही तारोफ म्हणतो, आणि ते आईच्या दुधाबरोबरच आमच्या पोटात जातं. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. तरी माझ्या संशोधनात मी मुलांना एकदाच विचारत होते, आणि वर स्वतःला शहाणी समजत होते.

माझं नाव तूबा. मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्सगिरी करता करता केस पिकायला लागले, तेव्हा मला पुढे शिकायची हुक्की आली. प्रबंधाचा विषय मी स्वतः निवडला: ऑपरेशननंतर मूल शुद्धीवर येताना आई शेजारी असली तर त्याचं दुखणं कमी होतं का. बाहेरच्याला वाटेल, यात शोधायचं काय? पण आमच्याकडे रिकव्हरीच्या खोलीत आईला पाऊल टाकू देत नसत. मूल गुंगीतून जागं व्हायचं ते हिरव्या टोप्या आणि दिव्यांच्या घोळक्यात, आणि आई दाराबाहेर माळ ओढत बसलेली. मी अर्ज करकरून निम्म्या मुलांपुरती परवानगी मिळवली. कुणाची आई आत येणार आणि कुणाची नाही, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. पाकीट मी मुलांनाच उचलू द्यायचे, तेवढीच त्यांना गंमत.

दुखणं मोजायला माझ्याकडे एक पुठ्ठा होता. त्यावर सहा चेहरे. पहिला हसरा, मग एकेक उतरत जाणारा, आणि सहावा धो धो रडणारा. मुलाने आपल्या दुखण्याएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. माझ्या मार्गदर्शक सोतूदे खानम, म्हणजे सोतूदे बाई, तेहरानच्या, परदेशात शिकून आलेल्या. त्यांची ताकीद होती, "प्रश्न एकदाच विचारायचा, त्याच शब्दांत, त्याच सुरात. परत परत विचारलंस तर मूल तुला खूश करायला काहीही सांगेल."

मी एकदाच विचारत गेले आणि मुलं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. पोटाला टाके पडलेले, ओठ पांढरे, आणि बोट हसऱ्यावर. "त्रास नको खानम, मी बरा आहे." पाच वर्षांचं पोरगं असं बोलायचं. आमच्या मुख्य नर्स दश्ती खानम माझी मजा बघत होत्या. म्हणाल्या, "तूबाजान, आपल्या वॉर्डात दुखणं नावाची वस्तूच नाही. तू घरी जा, बादलीभर लोणचं घाल."

आणि मग गिल्दा आली.

आठ वर्षांची. गेल्या हिवाळ्यात गच्चीच्या जिन्यावरून पडली होती. मांडीचं हाड वाकडंच जुळलं, आता ते पुन्हा तोडून सरळ करायचं होतं. ऑपरेशनला चार दिवस होते, तोवर पायाला वजन बांधून निजवायचं होतं. सोबत आजी, वडिलांची आई, बीबी इस्मत. फुलाफुलांची पांढरी चादर डोक्यावरून घेतलेली, गोरी, गोल, आणि अदबीने ओथंबलेली बाई. मी खुर्ची दिली तर तिने ती मलाच दोनदा परत दिली.

"हाड वाकडं जुळेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी विचारलं.

"काय सांगू खानम," बीबी म्हणाली, आणि तिच्या आवाजात अभिमान होता, "पोर एवढी गुणी! पडली तरी हूं नाही की चूं नाही. दोन दिवस भिंतीला धरून चालत होती. विचारलं तर म्हणे, काही नाही बीबी, जरा आखडलाय. अशी सोशिक पोर मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

मी पलंगाकडे पाहिलं. गिल्दा पाठीला उशी न लावता अवघडून बसली होती, कुणाच्या घरी पाहुणं आल्यासारखी. घरच्या मुलीला कोण गुणी म्हणतं? घरची मुलगी हट्टी असते, रडकी असते, नाकात बोटं घालणारी असते. गुणी असते ती पाहुणी.

होतीही ती पाहुणीच. हे मला बीबीकडून हळूहळू कळलं. आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा गिल्दा लहान होती. कायद्याप्रमाणे सात वर्षांची होईपर्यंत आईकडे राहिली, तिकडे रश्तला, समुद्राजवळ, भाताच्या आणि पावसाच्या मुलुखात. सात पूर्ण झाली, आणि कायद्याप्रमाणेच वडील तिला यज्दला घेऊन आले, या वाळवंटात, जिला ती कधी भेटलीही नव्हती त्या आजीच्या घरी. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

मी पाकिटं पुढे केली. गिल्दाने एक उचललं, उघडलं आणि चिठ्ठी स्वतःच वाचली. दुसरीतल्या मुलीला वाचता येतं हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आईसह." तिने ती पुन्हा नीट घडी घालून पाकिटात ठेवली आणि मला परत दिली.

"खानम, ही दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "ज्याची आई येईल त्याला."

मी तोंड फिरवून टेबलावरची मिठाईची बशी उचलली. बदामाचे कोत्ताब होते, पिठीसाखरेत घोळवलेले. "घे."

"नको, धन्यवाद."

"अगं घे, ताजे आहेत."

"नको खानम, तुमच्यासाठी असतील."

"गिल्दाजान, माझ्या जिवाची शपथ, एक तरी घे."

तिने एक घेतला. मग माझ्याकडे चोरून बघत दुसरा. असे अधाशासारखे खाल्ले की साखर भुवईपर्यंत गेली. सकाळपासून उपाशी होती पोर, नाश्त्यालाही तिने नकोच म्हटलं होतं आणि वॉर्डातल्या बाईने ताट उचलून नेलं होतं. मी तिथेच उभी राहून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. एका कोत्ताबसाठी जी मुलगी तीनदा विचारायला लावते, तिला तिच्या पायाचं मी एकदाच विचारणार होते!

मी पुठ्ठा काढला. सोतूदे खानमची ताकीद गेली खड्ड्यात. "किती दुखतंय?" बोट हसऱ्यावर. "खरंच? वजनाने ओढ बसते गं." बोट दुसऱ्यावर. "मला अजिबात त्रास नाही. माझं कामच आहे हे. सांग." तिने बीबी बघत नाही ना याची खात्री केली, आणि बोट चौथ्या चेहऱ्यावर सरकवलं.

"आणि जागी होशील तेव्हा कोण हवं जवळ?"

"कुणी नसलं तरी चालेल."

"पण असलं तर?"

"बीबी दमते. तिचे गुडघे दुखतात."

"बीबीला राहू दे बाहेर. कोण हवं?"

तिने चादरीची कड बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मामानला कामं असतात," ती आईबद्दल म्हणाली. "रश्त फार लांब आहे. तुम्ही तिला सांगू नका हं, ती उगाच धावपळ करेल."

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर बातम्या संपून हवामान लागलं, तेव्हा गिल्दाने शेजारच्या पलंगावरच्या मुलाला "शू" केलं. एवढ्या भिडस्त मुलीने! पडद्यावर देशाचा नकाशा आला. यज्दवर नेहमीचा सूर्य, वर रश्तवर ढग आणि तिरप्या रेघा. नकाशा जाईपर्यंत ती मान उंचावून बघत राहिली. मग उशीवर पडली आणि छताकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "छत्री घेतली असेल तिने."

मी तिची चादर सारखी केली आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मन्सूर आका, फरशांच्या कारखान्यात कामाला, नखांत कायमची पांढरी माती. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"हिच्या आईला कळवलंत का?"

"कळवलं की. फोन केला होता. म्हटलं, अमक्या दिवशी ऑपरेशन आहे, यायचं तर ये."

"मग?"

"म्हणाली, नको, तुम्ही आहात ना सगळे. संपलं."

"किती वेळा म्हटलंत, ये म्हणून?"

मन्सूर आकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. "एकदा. अजून काय पायघड्या घालायच्या?"

"आका, तुम्ही यज्दचे ना? एकदा बोलावणं म्हणजे काय असतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

तेवढ्यात बीबी इस्मत आलीच. "खानम, आम्ही कुणाला हाकललेलं नाही. दार उघडं आहे. पण ती नको म्हणाली तर आम्ही काय गळ घालायची? आमचीही काही अब्रू आहे. आणि खरं सांगू का, सुरुवातीला दोनदा येऊन गेली ती. ती गेली की पोर चार-चार दिवस जेवायची नाही. शेवटी मीच म्हटलं तिला, बाई, जरा रुळू दे मुलीला, मग ये. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. आता बघा, पोर कशी शांत झालीय."

"शांत," मी म्हटलं. पुढचं गिळलं, कारण नोकरी टिकवायची होती. "मन्सूर आका, परत एकदा फोन करा."

"मी नाही करणार," ते म्हणाले. मग बीबी दोन पावलं पुढे गेल्यावर हळूच मोबाइल माझ्यापुढे धरला. "नंबर घ्या. पण मी सांगितलं असं सांगू नका." भीड ही भिकेची बहीण म्हणतात. या घरात ती मांडी घालून बसली होती.

रुखसारे, म्हणजे गिल्दाची आई, रश्तच्या बाजारात एका मिठाईवाल्याच्या भटारखान्यात अक्रोड भरलेले कोलूचे भाजायची. पुढच्या दिवशी मी लावलेला फोन तिने उचलला तेव्हा मागे तव्यांचा खडखडाट होता. मी कोण, कशासाठी, सगळं सांगितलं.

"खूप उपकार झाले खानम, आठवण ठेवलीत," ती म्हणाली. "पण मी येऊन काय करू? बीबी आहेत. त्या फार जपतात तिला."

"तुम्ही यावं असं मला वाटतं."

"मी आले की ती बिथरते. जायला निघाले की माझ्या चादरीचं टोक सुटता सुटत नाही तिच्या मुठीतून. डॉक्टरांच्या कामात अडथळा नको."

"रुखसारे खानम, ती दर संध्याकाळी टीव्हीवर रश्तचा पाऊस बघते. तुम्ही छत्री घेतली असेल, म्हणते."

तव्यांचा खडखडाट एकदम कमी झाला, ती बहुधा बाहेर गल्लीत आली असावी.

"तिने विचारलं का मला? ये म्हणाली?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी खरं तेच सांगितलं. "नाही. मामानला सांगू नका म्हणाली. ती उगाच धावपळ करेल म्हणाली."

यावर ती रडायला लागली. मोठ्याने नाही, दात दाबून. "मीच शिकवलंय ते. तिला गाडीत बसवताना कानात सांगितलं होतं, तिथे कुणाला त्रास देऊ नकोस. काही मागू नकोस. गुणी राहा, म्हणजे सगळे तुला जीव लावतील. दुसरं काय सांगणार होते मी? परक्या घरी चालली होती माझी पोर."

"मग आता येऊन ते मागे घ्या."

"ते लोक मला खरंच बोलवत असते तर त्यांनी परत फोन केला असता."

"त्यांचं मला माहीत नाही. मी बोलावतेय. हे तिसऱ्यांदा म्हणतेय, आणि मी तापट बाई आहे, चौथ्यांदा म्हणणार नाही. परवा सकाळी ऑपरेशन आहे. आईची चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने उचललीय." आणि तिचं उत्तर ऐकण्याआधी मी फोन ठेवला. मला उत्तराची भीती वाटत होती.

ऑपरेशनच्या सकाळी रुखसारेचा पत्ता नव्हता. मी दर थोड्या वेळाने जिन्याकडे बघत होते. रश्तहून निघालेली बस सकाळीच पोचते, पण तेहरानच्या पलीकडे घाटात रस्ता बंद असला तर मग देवच जाणे. गिल्दाला ढकलगाडीवर घेतलं. बीबीने तिच्या डोक्यावरून कुराण फिरवलं, कपाळाला ओठ टेकले. गिल्दा म्हणाली, "बीबी, तू बस आता. उभी राहू नकोस." मला तिने काहीच विचारलं नाही. लिफ्टचं दार लागेपर्यंत मात्र तिचे डोळे जिन्यावर होते. तिला मी काही सांगितलं नव्हतं. आशा लावून नंतर मोडायची माझी हिंमत नव्हती.

ऑपरेशन लांबलं. दुपार कलताना तिला रिकव्हरीत आणलं, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर. शुद्धीवर आली तसा चेहरा आवळला, मग तिला आपण कुठे आहोत ते आठवलं आणि तिने तो सरळ केला. माझ्या डोळ्यांदेखत. कुणी चुरगळलेली चादर झटकून अंथरावी तसा.

"गिल्दाजान, किती दुखतंय?"

बोट हसऱ्या चेहऱ्यावर.

मी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. माझी शपथ घातली, तिच्या बीबीची घातली. बोट हलेना. मुठी वळलेल्या, कानशिलावर घाम, नाडी सशासारखी धावतेय, आणि तोंडाने, "धन्यवाद खानम, काही नाही. तुम्ही दुसऱ्या मुलांकडे बघा." पहिल्या दिवशी जो दरवाजा तीनदा ठोठावून किलकिला झाला होता, तो आज आतून कडी लावून बंद होता.

डॉक्टरांनी नेहमीचं औषध सुरू ठेवलं होतं. जोराचं इंजेक्शन मात्र मुलाने चौथ्याच्या पुढच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तरच द्यायचं, असं लिहिलं होतं. मी दश्ती खानमकडे गेले.

"नाडी बघा तिची. इंजेक्शन द्यायला हवं."

"ती काय म्हणतेय?"

"नाही म्हणतेय. पण..."

"मग नाही. लहान मुलांना इतकं कडक औषध उगाच टोचायचं नसतं, तूबा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"आई इथे असती तर ही रडली असती!" मी जवळजवळ ओरडलेच. "थांबा, मी डॉक्टरांनाच विचारते."

फोनकडे वळले तर दारात एक बाई उभी. सडपातळ, सावळी, डोळ्यांखाली काळं. अंगावर घाईघाईने चढवलेला हिरवा अंगरखा उलटा, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. खांद्याला कापडी पिशवी, आणि तिच्यातून वेलचीचा वास. मला सांगावं लागलं नाही कोण ते.

"बस घाटात अडकली होती," ती कुजबुजली. "मी इथूनच बघते. आत नको. तिची झोप..."

मी तिला आग्रह केला नाही. दंड धरला आणि आत ओढली.

गिल्दाने मान वळवली. क्षणभर तिला पटलंच नाही. मग तिची हनुवटी थरथरायला लागली, आणि तिने तोंड उघडलं, आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या पलंगावरचं बाळ दचकून रडायला लागलं.

"मामान! दुखतंय! मामान, खूप दुखतंय! पाय काढ माझा, काढ ना! तू कुठे होतीस? दुखतंय!"

पुठ्ठा दाखवायचीही गरज नव्हती. तरी मी दाखवला, नियम तो नियम. तिने सहाव्या चेहऱ्यावर बोट नाही, आख्खी मूठ आपटली.

मग एकच गोंधळ. दश्ती खानम धावत आल्या. "कुणी आत घेतलं हिला? इतका वेळ किती शांत होती मुलगी!" दारातून बीबी इस्मत आत डोकावत होती, चादर सावरत. "बघा, मी म्हटलं नव्हतं? शांत होती पोर. ही आली आणि पोरीला रडवलं."

रुखसारेने मुलीच्या मुठीतून हात सोडवायला सुरुवात केली. एकेक बोट. चेहरा मेल्यासारखा झाला होता. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "माझ्यामुळेच होतं असं. मी जाते. खानम, मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं."

"जागेवरून हललात तर बघा!" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दुखणं तुमच्याबरोबर बसमधून आलेलं नाही. ते सकाळपासून इथेच आहे, तिच्या अंगात. जिन्यावरून पडली तेव्हापासून आहे. त्याच्याही आधीपासून आहे. सांगायला माणूस आत्ता आलंय. दश्ती खानम, सहावा चेहरा! तुम्हाला मुलीचा शब्द हवा होता ना? घ्या. आता आणा इंजेक्शन."

दश्ती खानमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. बाई कडक आहेत, पण नर्स आहेत. इंजेक्शन त्यांनी स्वतः भरलं.

औषध उतरेपर्यंत गिल्दा रडत राहिली. पायासाठी रडली, मग शाळेतल्या कुठल्या मुलीने हिच्या बोलण्यातल्या रश्ती हेलाला चिडवलं होतं त्यासाठी, मग मामानने पाठवलेले बूट लहान झाले होते आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं त्यासाठी. रुखसारे पलंगावर ओणवी होऊन प्रत्येकाला "हो गं माझ्या बाळा, हो गं" म्हणत होती. दारातली बीबी ते सगळं ऐकत होती. थोड्या वेळाने ती मागे सरली आणि बाकावर जाऊन बसली. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "दीड वर्ष माझ्या कुशीत निजते, खानम. मला एकदाही नाही म्हणाली, दुखतंय म्हणून. मी काय तिला खाल्लं असतं?" मी तिच्या शेजारी बसले. तिने पाणी एका घोटात पिऊन टाकलं.

गिल्दाला वॉर्डात आणलं तेव्हा सोतूदे खानम माझी आकडेमोड तपासायला आल्या होत्या. इंजेक्शन छान लागू पडलं होतं. नाडी जागेवर आली होती, मुठी उघडल्या होत्या, गालांवर रंग होता. एका हातात आईचा हात घट्ट धरून गिल्दा निवांत डोळ्यांनी आईच्या खांद्यावरच्या मिठाईच्या पिशवीकडे बघत होती. मध्येच तिने विचारलं, "मामान, परतीची गाडी कधी आहे?"

"संध्याकाळी, राणी. एकाच दिवसाची सुट्टी मिळाली."

मी पुठ्ठा पुढे धरला. "आता किती दुखतंय?"

गिल्दाने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बोट सहाव्या चेहऱ्यावर ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं.

"नीट बघ हं," मी म्हटलं. "थोडं कमी झालं असेल ना?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढंच आहे. जास्तच आहे." दुखणं वाढवून सांगायची सवय नव्हती, कान लाल झाले.

सोतूदे खानमनी मला बाजूला घेतलं. "नाडी एक सांगते, बोट दुसरंच सांगतं. आई आल्यावर दुखणं उतरायला हवं होतं, हिचं चढलंय. ही केस बाद कर, नाहीतर तुझा सगळा निष्कर्ष बिघडेल."

"मूल म्हणेल तेवढं दुखणं," मी म्हटलं. "पहिल्या तासाला तुम्हीच शिकवलंत."

त्या चष्मा पुसत पलंगाकडे बघत राहिल्या. मायलेकींची बोटं एकमेकींत इतकी गुंतली होती की कुणाचं कुठलं ते कळू नये. "लिही मग," त्या म्हणाल्या. "सहा लिही." आणि निघून गेल्या.

मी सहा लिहिलं. रुखसारेने माझी बाही ओढली. तिचा चेहरा घाबरलेला होता. "खानम, एवढं इंजेक्शन देऊनही सहाच? औषध लागू पडत नाहीये का हिला?"

गिल्दा श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. ते डोळे काही मागताहेत, हे मी प्रथमच पाहत होते.

"पडेल," मी म्हटलं. "पण या दुखण्याला दिवस लागतात. आजची गाडी सोडावी लागेल तुम्हाला."

रुखसारेने खांद्यावरची पिशवी काढली आणि पलंगाखाली सरकवली.